सलीमची आई

नाही, ते बटन आत्ताच दाबू नको. आधी बस इथं उन्हात, लॅपटॉप ठेव त्या स्टुलावर अन् हे सूप घे मांडीवर. शेंगा सोलता येतात ना तुले? …म्हणजे नाहीच येत. अशी चिमटीत धर, शिरेवर दाब, मंग अंगठा फिरव — हां, निघाले दाणे. एम.ए. झालेल्या पोरीले तुरीची शेंग सोलणं शिकवा लागते, हे तुझ्या कॉलेजातल्या पोट्ट्यांनी पाह्यलं तं वर्गात आवाज निघणार नाही तुझा. काल वडनेरहून पोतंभर आल्या. आमच्या सासूबाईंनी पाठवल्या. आज सोल्यांची भाजी, उद्या सोलेभात, परवा पुन्हा भाजी — तू भाडं देते ना वरच्या खोलीचं, मंग खा लागन. …हाव, माहीत आहे मले, बारा वाजेपर्यंत फाइल पुण्याले गेली पाहिजे. जिन्यावरूनच ओरडत आली तू, 'काकू, झालं पुस्तक, एक नाव तेवढं बदललं की संपलं.' एक नाव तेवढं. त्याच्यासाठीच तं म्हटलं, बस.

पुस्तकाले मी नावं ठेवत नाही, समजून घे. चांगलं पुस्तक आहे. कोणत्या मुलखातली ती नदी, तिच्या काठी होड्या बांधणारं ते घराणं, बाप, लेक, नातू, पणतू, चार पिढ्या — लिहिलं अरबीत, तिथून गेलं इंग्रजीत, तिथून आलं तुझ्याकडे. मामाच्या मामानं सांगितलेल्या लग्नाच्या बोलावण्यासारखं. तरी बरं आलं. आधी तं मले वाटलं होतं, ही पोरगी काहीतरी लपवून राह्यली. तू राहायले आली अन् महिन्याभरात मी पापड वाळवाले गच्चीवर चालली होती, तं तुझं दार उघडं, अन् भिंतीवर हा मोठा कागद — वर एक नाव, खाली चार, त्याच्या खाली अकरा, रेघाच रेघा. मी म्हटलं, अरे वा, पोरीनं सोयरीक जुळवाले वंशावळ मांडली. वाचली तं अबू हे, उम्म ते. मंग म्हटलं, हिच्या मायबापाले माहीत आहे का? …हस, हस. दोन दिवस मी तुझ्या आईले फोन करू का नको करू असं करून राह्यली होती. ते तं बरं झालं वायफायचा डबा आमच्या बैठकीत आहे, म्हणून तू खाली येऊन बसाले लागली, अन् लिहिलेलं मोठ्यानं वाचाले लागली — कानाले बरोबर लागते का पाहते म्हणे. तुझ्या कानाले लागो न लागो, आमच्या कानाले लागलं. मी आधी भाजी निवडत ऐकायची. मंग भाजी निवडून झाली तरी ऐकायची. हे तिकडे पेपर तोंडापुढं धरून बसायचे, एकच पान तासभर. अन् दिवाळीले सासूबाई आल्या तं विचारूच नको.

सासूबाईंचा पहिला सवाल आठवते तुले? ते मोठ्या भावाच्या पोराचं अन् धाकट्याच्या पोरीचं लग्न ठरते, त्या दिवशी. 'चुलत बहिणीसंगं?' डोळ्यांवर पदर घेतला बुढीनं. मी म्हटलं, सासूबाई, तुमचं झालं ते सख्ख्या आतेभावाशीच झालं ना? तं म्हणे, 'ते अलग.' अलग कसं, विचारलं तं म्हणे, 'आत्याच्या घरी गेली मी, परक्याच्या नाही गेली.' अन् ते चुलत्याच्या घरी गेले तं काऊन वाईट, हे कोणाले सांगता आलं नाही — तुलेही नाही, एवढी शिकलेली तू. तीन दिवस बुढी त्या नवरीवर नाराज होती. चौथ्या दिवशी ती नवरी बाळंत झाली तं म्हणे, 'डिंकाचे लाडू देतात का नाही तिकडे?'

…तर नाव. तू आम्हाले पहिल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं, विसरली का? उम्म म्हणजे आई, अबू म्हणजे बाप. पहिलं लेकरू झालं की बाईचं नाव गेलं, ती उम्म सलीम — सलीमची आई. अन् तू असं सांगत होती जसं काही चंद्रावरची गोष्ट सांगून राह्यली. 'काकू, तिकडे बाईला तिच्या नावानं हाकच मारत नाहीत, मुलाच्या नावानं मारतात.' अन् आम्ही दोघंही तुझ्या तोंडाकडे पाहत. मले सांग, तू वर्षभर राहून राह्यली इथं, माझं नाव काय आहे? …वंदना. ते तुले भाडेकराराच्या कागदावरून माहीत. या गल्लीत विचार कोणाले, वंदनाबाई कुठी राहते — कोणी नाही सांगणार. मी लग्न होऊन वडनेर भोलजीले आली तं वर्षभर 'राजकुमारची बायको' होती. प्रेम झाला, अन् बाराव्या दिवशी पाळण्यात त्याचं नाव ठेवलं तशी मी झाली 'प्रेमची माय'. एकाच पाळण्यात दोघांचं बारसं. मंग यांची नोकरी बुलढाण्याले लागली, इथं आलो, तं इथल्या बायांनी मले बढती दिली — 'प्रेमची मम्मी'. माय होती ती मम्मी झाली, घाट चढून आली ना. दूधवाला म्हणे प्रेमची मम्मी, शाळेतल्या बाई म्हणत प्रेमची मम्मी, अन् हे — यांनी तं आजवर माझं नाव घेतलं नाही. त्यांच्या घरी नवरा बायकोचं नाव घेत नाही, लाज वाटते त्यांले. लग्नातल्या उखाण्यात घेतलं असंन तेवढंच. बाकी सगळं आयुष्य, 'प्रेमची आई, चहा.' 'प्रेमची आई, माझा चश्मा पाह्यला का?' चश्मा कपाळावर.

म्हणून म्हणते, त्या बाईची ओळख मले तुझ्यापेक्षा आधी पटली. अरबी येत नाही मले, पण ती बाई येते.

सलीम बुडतो ते तू वाचलं त्या दिवशीचं सांगते. पुरात नवी होडी सोडवाले जातो, अन् मंग फक्त होडी येते. तू वाचता वाचता हळू झाली. यांनी पेपर घडी करून ठेवला. अन् सासूबाई उठल्या, म्हणे पाणी तापव, आंघोळ करा लागते. मी म्हटलं, काऊन? तं म्हणे, 'मौत ऐकली ना. आपले लागत नाहीत ते, पण दिवाळीपासून त्याइच्या घरी बसून राह्यलो आपण.' भर संध्याकाळी, गार वाऱ्यात, ऐंशी वर्षांची बुढी डोक्यावरून आंघोळ करून आली, कोणत्या देशीच्या पोट्ट्यासाठी. तुले हसू येत होतं, तू दाबलं, मले दिसलं. मलेही येत होतं. अन् मंग तिनं केस पुसता पुसता विचारलं, 'आता त्याच्या मायले काय म्हणतात तिकडे?' — तू सहज सांगितलं. तेच म्हणतात आजी, उम्म सलीम, शेवटपर्यंत तेच म्हणतात.

तुले समजलं नाही काय झालं ते. हे उठून अंगणात गेले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, 'मजबूत लोक आहेत.'

अन् दुसऱ्या दिवशी तू वाचाले बसली तं त्या बाईचं नाव झहरा. …नाही, आता खाली पाहू नको. मी शेंगा मोजून राह्यली का? वर पाह्य. मी विचारलं होतं तुले, ही झहरा कोण नवीन आली, तं तू म्हटलं, 'तीच ती काकू, सलीमची आई, तिचं मूळचं नाव.' मी म्हटलं, असंन. पुस्तकात असंन. अन् मंग तू चहाले उठली तं इंग्रजी पुस्तक तिथंच होतं उघडं. बी.ए. झालेली आहे मी, इंग्रजी वाचता येते, हळू येते. पानभर बोट फिरवलं. झहरा कुठंच नाही. उम्म सलीम, उम्म सलीम, उम्म सलीम. मंग तू कॉलेजात गेली की रोज थोडं थोडं पाह्यलं — पूर्ण पुस्तकात तिचं झहरा नाव एकदाच येते, निकाहाच्या दिवशी, बस. दुसऱ्या भागातलं झहरा तुझं, तिसऱ्या भागातलंही तुझंच.

आता तू म्हणणार पुण्याच्या प्रकाशनातल्या रेणुका मॅडमनं सांगितलं. त्यांनी काय सांगितलं, मी बाजूलेच होती, तू फोन स्पीकरवर ठेवते. त्या एवढंच म्हणाल्या की पहिल्या भागात एक नाव अन् नंतर दुसरं, वाचकाचा गोंधळ होईल, कोणतं तरी एक ठरवा. कोणतं, ते नाही सांगितलं. ते तू ठरवून राह्यली. अन् तू काऊन ठरवून राह्यली तेही मले माहीत आहे. समोरच्या कलाबाईंनी तुले पहिल्याच आठवड्यात बोलावून सांगितलं असंन, 'त्यांच्यापुढे पोराचा विषय काढू नको बरं, त्यांचा मोठा पोरगा गेला.' सांगितलं ना? …मान हालवली तरी चालते. कलाबाई सगळ्यांलेच सांगतात. गॅसवाल्यालेही सांगितलं त्यांनी.

वाईट नाहीत त्या. कोणीच वाईट नाही इथं. प्रेम मलकापूरले रेल्वेतून उतरला, मित्राच्या मोटरसायकलवर बसला, राजूरच्या घाटात गेला. एवढंच आहे ते. त्याच्यानंतर तेरा दिवस तं कोण काय म्हणून राह्यलं समजत नव्हतं. पण चौदाव्या दिवशी मी दूध घ्यायले बाहेर आली, अन् दूधवाला म्हणे, 'छकुलीच्या मम्मी, किती देऊ?' मी मागं पाह्यलं. खरंच पाह्यलं, म्हटलं कोण आहे मागं. मंग किराणावाला, 'छकुलीच्या मम्मी.' मंग कलाबाई. मंग महिला मंडळ. एका रात्रीत, हिमानी. जसं काही सगळ्यांनी मीटिंग घेतली, मले सोडून, अन् ठराव पास केला. तू ते बटन दाखवलं ना काल मले — या चौकटीत जुनं नाव लिहायचं, त्या चौकटीत नवीन लिहायचं, अन् एकदा दाबलं की तिन्ही भागांत, जिथं जिथं आहे तिथं तिथं, साफ — मी म्हटलं, हे तं आमच्या गल्लीत आधीपासूनच होतं. लॅपटॉप नव्हता तरी होतं.

छकुलीले काय वाटलं असंन. ती तेव्हा दहावीले होती. तोपर्यंत तिच्या नावानं कोणी मले हाक मारली नव्हती, धाकट्याचं नाव कोण घेते. अन् एकदम हिचं नाव घरोघरी. एक दिवस शाळेतून आली अन् दप्तर फेकलं — 'आई, दादाची जागा मले काऊन देऊन राह्यले हे लोक? मी मागितली का?' मी म्हटलं, बाई, ते दया करून राह्यले. तं म्हणे, 'त्यांले सांग ना मंग, नको करू.' सांगावं कसं? दया करणाऱ्याले थांबवता येत नाही. शिव्या देणाऱ्याले थांबवता येते.

…घे, पाणी पी. तू सोलते कमी अन् खाते जास्त. कच्चे सोले पोटाले जड असतात, मंग माझ्या नावानं ओरडशील — त्यातही कोणत्या नावानं ते ठरवा लागन आधी.

अन् काका. तू आली तेव्हा पहिल्याच महिन्यात मले म्हटलं होतं, 'काकू, तुमच्या मधल्या दाराची कडी खराब आहे का? सारखी वाजते. सुताराला बोलावू का?' मी म्हटलं राहू दे. सुतारानं काय होते. कडी चांगली आहे. ते काका वाजवतात. …काऊन म्हणजे? मले बोलवाले. माणसाजवळ एकच हाक होती, बावीस वर्षं तीच वापरली, दुसरी कधी शिकला नाही. ती गेली. पहिले काही दिवस त्यांनी 'अगं' म्हणून पाह्यलं — मले आवडलं नाही, ते 'अगं' जसं काही कोणत्या सिनेमातलं. मंग 'ऐकलं का' म्हणून पाह्यलं, ती कलाबाईंच्या नवऱ्याची हाक, कलाबाईच धावत येतीन. छकुलीची आई म्हणाले जीभ उचलत नव्हती त्यांची. नाव घ्यायची लाज. मंग एक दिवस दारात उभे राहून कडी वाजवली त्यांनी, आपल्याच घरात, पाहुण्यासारखी. मी आली. तेव्हापासून तेच. दोनदा वाजली की चहा. जोरात वाजली की चश्मा. मी त्यांले एकदा म्हटलं, साठ वर्षांचे झाले, आता तरी वंदना म्हणा, मी कोणाले सांगणार नाही. तं असे लाजले, असे लाजले, अन् गेले बाहेर. हसू आलं मले. …तू नको असं तोंड करू. हसण्याचीच गोष्ट आहे ती. आपल्या वर एक भाडेकरू राहते अन् तिले वाटते सुतार पाहिजे — यापेक्षा मोठा विनोद कोणता?

मले काही कमी नाही, हे लक्षात ठेवजो. लोक चांगले आहेत, पोरगी अकोल्याले नोकरीले आहे, पेन्शन आहे. मी रडतही नाही. फक्त — आता हे सांगायचं नव्हतं, पण शेंगा अर्ध्या राह्यल्या अन् तू गप्प बसून राह्यली, त्याच्यानं निघून राह्यलं तोंडातून. मागच्या उन्हाळ्यात मी एकटी खामगावले चालली होती, एका लग्नाले. एसटीत बाजूले एक बाई बसली, पिंपळगाव राजाची. बोलकी. आधी तिनं स्वतःचं सांगितलं, मंग विचारलं, 'तुम्ही कोणाच्या?' अन् माझ्या तोंडातून निघालं, प्रेमची आई. बस, एवढंच. ती काही कलाबाईंची बहीण नव्हती, तिले काय माहीत. तिनं लगेच धरलं — प्रेमच्या आई, खिडकी लावू का? प्रेमच्या आई, ही घ्या कैरी. प्रेमच्या आई, तुमच्याकडे कापसाले काय भाव भेटला? खामगाव येईपर्यंत. मी खोटं काही बोलली नाही, तिनं प्रेम काय करते हे विचारलंच नाही, आपल्याच सुनेचं सांगत होती. स्टँडवर उतरली मी, चालू लागली, अन् मागून ती खिडकीतून ओरडली, 'ओ प्रेमच्या आई, तुमची थैली राह्यली.' भर स्टँडवर, सगळ्यांपुढे.

ऐकू आलं होतं मले. पण मी नाही वळली. म्हटलं, अजून एकदा ओरडू दे.

तीनदा ओरडली बिचारी. मंग गाडी सुटाले लागली तं वळा लागलं.

…नाक पूस. सुपात पडू देऊ नको, खायचे आहेत ते. हे कोणाले सांगू नको बरं, काकाले तं बिलकुल नाही. त्यांले वाटन बाई एसटीत बसून असेच धंदे करते. नाही करत. एकदाच झालं. दोनदा.

आता काल काय झालं ते सांगते, म्हणजे मी सकाळपासून तुझ्या मागं काऊन लागली ते तुले समजन. हे पोतं गोविंदा घेऊन आला, आमचा चुलत पुतण्या, काळीपिवळी जीप चालवते नांदुऱ्याकडे. दारात पोतं उतरवलं अन् तसाच उभा. मी म्हटलं, बस ना, चहा घे. तं बसत नाही, टोपी काढते, टोपी घालते. मी म्हटलं काय झालं रे? तं म्हणे, 'काकू, तुमच्या सासूबाईंनी सांगितलं ते तसंच सांगायचं म्हणे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी नाही म्हटलं होतं. पण बुढीनं शपथ घातली.' म्हटलं, सांग. तं खाली पाहून म्हणे — 'शेंगा प्रेमच्या मायले देजो.'

इतक्या वर्षांनी. सासूबाईंनी. ज्या स्वतः त्याचं नाव घ्या लागू नये म्हणून देवाच्या आरतीतलं 'प्रेम' गाळत होत्या, त्यांनी. हे कोण्या बाबानं नाही केलं, ना कलाबाईच्या दयेनं केलं. हे तुझ्या त्या होड्यांवाल्या बाईनं केलं. दिवाळीत बुढीनं ऐकलं — एक बाई आहे, तिचा पोरगा नदीत गेला, अन् तरी सगळं गाव तिले सलीमची आई म्हणते, भावकी म्हणते, नातसुना म्हणतात, ती नव्वदीची होते तरी म्हणतात, अन् कोणाची जीभ झडत नाही. ऐकलं अन् घरी घेऊन गेली. दोन महिने मनात ठेवलं असंन. अन् शेंगांसोबत पाठवलं.

अन् तू त्या बाईचंच नाव काढून राह्यली, माझ्यासाठी, मले त्रास नको म्हणून. समजते मले. तुझं मन चांगलं आहे, तेच तं संकट आहे. तुझं पुस्तक नागपूरले जाइन, सांगलीले जाइन, कोणत्या कोणत्या घरी जाइन, तिथं कोणी एक बाई वाचन — पोरगा गेला, अन् पुढच्याच पानावर ही झहरा. ती म्हणन, बरोबर आहे, आपल्याइथं झालं तसंच तिकडेही होते. सगळीकडे तेच होते. पण तिकडे तसं नाही होत ना? लिहिणाऱ्यानं तसं नाही लिहिलं ना? मंग?

…वाचकाले जड जाइन म्हणते. जाऊ दे ना जड. बुढीनं थंड पाण्यानं… गरम पाण्यानं आंघोळ केली, तिले नाही गेलं जड, तुझ्या वाचकाले काय होते?

फोन वाजून राह्यला तुझा. …रेणुका मॅडम. थांब, तुझे हात पाह्य कसे झाले, सगळा चीक. शिवू नको. मी घेते. …घेऊ दे ना, मी काय खाते का त्यांले?

हॅलो. — हाव, हिमानीचाच फोन आहे. तिचे हात भरलेले आहेत, सोले सोलून राह्यली. — सोले. तुरीचे. — राहू द्या, तुमच्याकडे नसतीन भेटत. फाइल ना? तयार आहे, आत्ता पाठवते ती. — ते नावाचं? ठरलं. सलीमची आई. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलीमचीच आई, झहरा बिहरा काही नाही, ती दुरुस्त करून राह्यली. — नाही, तशी ती थोडी इकडे तिकडे करत होती, मी म्हटलं तिले राहू दे. — मी होय? मी इथली घरमालकीण. …मी प्रेमची आई बोलून राह्यली.

…

काय म्हणता?

हिमानी, त्या विचारून राह्यल्या, 'कोण प्रेम?'

…पाह्य. विचारलं ना त्यांनी. नाव ठेवलं की कोणी तरी विचारते. — नाही मॅडम, तिच्याशी बोलून राह्यली, तुमच्याशी नाही. प्रेम म्हणजे माझा मोठा पोरगा. — नाही. आता नाही तो. — अहो, सॉरी काऊन म्हणता, काही चुकलं नाही तुमचं, बरं विचारलं तुम्ही. इकडे कोणी विचारत नाही. — आहे ना वेळ तुमच्याजवळ? बसलेल्या आहात का उभ्या? मंग बसा आधी.

हिमानी, तू जाय आत बैठकीत. हात धू, लॅपटॉप घे, नाव नीट करून फाइल पाठवून दे, अन् दार लावून घे. जाय म्हटलं ना. मले बोलू दे.